सर्व्हर डाऊन असेल तेव्हा काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलंय का?

तिफण

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. लांबलचक होईल पण वाचा आणि आपापल्या क्षेत्रात काय चित्र आहे ते सांगा.

आधीच स्पष्ट करतो, माझा टेक्नॉलॉजीला विरोध नाही. सातबारा मोबाईलवर बघतो, पावसाचा अंदाज बघूनच फवारणीचा दिवस ठरवतो. माझा आक्षेप एवढाच की नवीन यंत्र आलं रे आलं की जुनी पद्धत त्याच दिवशी मोडीत काढायची जी घाई चाललीय ना, ती धोक्याची आहे. यंत्र चालतं तेव्हा सगळं छान. पण ते बंद पडलं, किंवा चालू असून त्याने चुकीचं सांगितलं, तर समोर उभ्या असलेल्या माणसाने जायचं कुठे ह्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

आमच्या गावच्या रेशन दुकानाचं उदाहरण घ्या. पॉस मशीनचा, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवणाऱ्या मशीनचा, सर्व्हर गेला की दुकानात गव्हातांदळाची पोती रचलेली असतात, दुकानदार गल्ल्यावर बसलेला असतो, माणूस कार्ड घेऊन समोर उभा असतो, दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखतात आणि तरी धान्य देता येत नाही, कारण हो म्हणणारं मशीन गप्प आहे. लोक मजुरी बुडवून येतात आणि परत जातात. दुसऱ्या दिवशी परत तेच. दुकानदार म्हणतो माझ्या हातात काही नाही, तालुक्याला विचारलं तर ते म्हणतात आमच्या हातात काही नाही वरून प्रॉब्लेम आहे. वर म्हणजे कुठे ते कुणालाच माहिती नाही.

हे झालं सर्व्हरचं. थंबचं दुखणं वेगळंच. आमच्या आळीत एक आजी आहेत, सगळी हयात ऊसतोडीत गेली, हाताच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. मशीनवर एक बोट ठेव, दुसरं ठेव, पुसून ठेव, ओलं करून ठेव असं चालतं आणि मागे रांग कुरकुरत असते. त्या आजींना आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं हे मला बघवत नाही. हातात खोट नाही, खोट मोजणाऱ्या यंत्रात आहे, पण मान खाली घालून त्या उभ्या असतात.

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ज्या माणसाकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी हा हेतू होता आणि हेतू चांगलाच होता. पण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात आधारची केस चालू असताना आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं की सरकारी सेवांसाठी पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. ८८ टक्के ऐकायला बरं वाटतं. उरलेल्या १२ मध्ये कोण असतं? म्हातारी माणसं, हाताने राबणारी माणसं, म्हणजे ज्यांना रेशनची सगळ्यात जास्त गरज तेच.

आणि हे फक्त गैरसोयीचं प्रकरण नाही. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची एक मुलगी गेली, घरच्यांचं म्हणणं भुकेने गेली, सरकारने ते नाकारलं आणि आजाराचं कारण दिलं, पण आधार जोडलेलं नाही म्हणून त्या घराचं रेशन बंद झालं होतं ही गोष्ट तशीच उरते.

शेतीतही तेच. पूर्वी तलाठी पीक पाहणी करून गाव नमुना १२ ला नोंद करायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमधून फोटो काढायचा. कल्पना मला आवडली होती, कारण तलाठी चावडीत बसूनच मागच्या वर्षीचं पीक उतरवून काढायचा हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण डोंगराच्या पोटातल्या वावरात रेंज येत नाही, ॲप गोल गोल फिरत राहतं, मुदत संपायला आली की सगळ्या महाराष्ट्राची एकदम झुंबड उडते आणि ॲप बसतं. उभं पीक डोळ्यांना दिसतंय, शेजारीपाजारी साक्षीला आहेत, पण ॲपमध्ये नाही म्हणजे सातबाऱ्यावर नाही, आणि सातबाऱ्यावर नाही म्हणजे अनुदान, विमा, हमीभावाची खरेदी सगळीकडे दार बंद.

तर माझा प्रश्न. तुमच्या क्षेत्रात यंत्र बंद पडलं तर माणसाने काय करायचं हे लिहून ठेवलेलं आहे का? आणि लिहिलेलं असेल तर ते कुणाला येतं का?

निशिगंधा_के

तिफण, थंबबद्दल शब्दाशब्दाला सहमत. माझी आई वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यात होती. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते, सोलून निघते, बोटांना राख आणि खोबरेल चोळून बसायच्या सगळ्याजणी. तिचा थंब कधीच धड लागला नाही. विडी वळणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली सिमेंट चुना कालवणाऱ्या बायकांचं पण हेच आहे. कॅन्सरच्या काही गोळ्यांनी सुद्धा बोटांचे ठसे पुसट होतात, हे मला मावशीच्या उपचारांच्या वेळी कळलं.

आता डोळ्याचं नाहीतर चेहऱ्याचं स्कॅन आलंय म्हणतात, काही ठिकाणी चालतं पण. पण मोतीबिंदूवाल्यांनी काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

बायनरी_भाऊ

मी आयटीत आहे, अशी सॉफ्टवेअर बनवणं हेच माझं काम, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

जुनी पद्धत इतकी गोड होती का हो? माझ्या वडिलांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती चपला झिजवल्या ते मी बघितलंय. साहेब जेवायला गेलेत, साहेब मिटिंगला गेलेत, आणि मग टेबलाखालून काहीतरी सरकवलं की साहेब लगेच सापडायचे. आज डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या १५ रुपयांत मिळतो. रेशनमध्ये पण मशीन यायच्या आधी खोट्या कार्डांवर किती धान्य काळ्या बाजारात जायचं ते गावात सगळ्यांना माहिती होतं. तेव्हा गरिबाच्या तोंडचा घास माणूसच पळवत होता, मशीन नाही.

आणि जीव वाचवण्याचं म्हणाल तर ओडिशा बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात १० हजाराच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं, तेही अतितीव्र होतं, मृतांचा आकडा ५० च्या आत राहिला. उपग्रह, रडार, संगणकावरचं मॉडेल हे सगळं नसतं तर किनाऱ्यावरच्या १० लाखांच्या आसपास लोकांना आधी हलवता आलं असतं का? टेक्नॉलॉजीवर अवलंबून राहणं वाईट असं सरसकट म्हणणं मला पटत नाही.

तिफण

बायनरी_भाऊ, राग कसला, मुद्दा योग्यच आहे. टेबलाखालचे पैसे मी पण दिलेत आणि ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही.

पण ओडिशाचंच उदाहरण नीट बघा. उपग्रहाने सांगितलं वादळ येतंय, बरोबर. त्यापुढे काय झालं? चक्रीवादळासाठीचे निवारे आधीच बांधलेले होते, गावागावात स्वयंसेवक तयार केलेले होते, ते दारोदार फिरले, भोंगे घेऊन ओरडले, म्हाताऱ्यांना उचलून नेलं. वादळात मोबाईलचे टॉवर आणि वीज पहिल्या फटक्यातच जाणार हे गृहीत धरूनच सगळी तयारी होती. मी नेमकं हेच मागतोय. उपग्रह ठेवा आणि दारोदार जाणारा माणूस पण ठेवा. रेशनमध्ये आपण मशीन आणलं आणि माणसाला सांगितलं तू आता फक्त बटन दाब.

आणि खोट्या कार्डांचं म्हणता, तर चोरी दुकानदाराने केली आणि अंगठा लावायची सक्ती म्हातारीवर आली. कार्ड खरं असलं तरी पाच किलोच्या जागी चार किलो मापणारा दुकानदार थंब घेऊनही चारच मापतो.

जुना_मास्तर

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, रिटायर झालो. तिफण यांनी विचारलंय यंत्र बंद पडलं तर काय करायचं ते लिहून ठेवलंय का. रेल्वेत लिहून ठेवलंय, आणि फार जुनं आहे.

सिग्नल बिघडला की तो लाल होतो. बिघाड झालाच तर गाडी थांबली पाहिजे अशीच त्याची रचना असते, ही पहिली गोष्ट. आता लाल सिग्नल तर कायमचा लाल आहे, गाडी तर पुढे न्यायचीय. मग आम्ही लोको पायलटला हातात छापील कागद द्यायचो, टी/३६९ (३ब) म्हणतात त्याला, की अमुक नंबरचा सिग्नल लाल असला तरी ओलांडायची परवानगी आहे. सही, शिक्का, वेळ. तो कागद हातात पडल्याशिवाय पायलट गाडी हलवणार नाही. त्याआधी रूट स्वतः बघायचा, काटे बरोबर लागलेत का, कुलूप आहे का. पुढच्या स्टेशनशी फोनवर बोलताना प्रायव्हेट नंबर घ्यायचा आणि द्यायचा. त्या नंबरांचा तक्ता असतो, एक नंबर एकदाच वापरायचा, वापरला की खोडायचा आणि रजिस्टरला लिहायचा. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की मी बोललोच नव्हतो, तर ते चालत नाही.

पण नुसतं लिहून भागत नाही, ही दुसरी गोष्ट, आणि ती सांगायलाच मी मुख्य म्हणजे लिहितोय. १७ जून २०२४ ला उत्तर बंगालमध्ये रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, १० जण गेले. त्या सकाळी ६ वाजायच्या आधीपासूनच तिथले ऑटोमॅटिक सिग्नल बिघडलेले होते. पर्यायी कागद होता, टी/ए ९१२, तो दिलाही होता, कांचनजंगालाही आणि मालगाडीलाही. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघालं? कागदावर वेग किती ठेवायचा ते लिहिलेलं नव्हतं. ज्या गाड्यांना तो कागद मिळाला त्यातल्या एकट्या कांचनजंगाने नियमाप्रमाणे ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने जात प्रत्येक लाल सिग्नलला थांबत थांबत प्रवास केला, बाकीच्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे गाड्या चालवल्या. जी नियमाने चालली तिलाच मागून धडक बसली. ऑटोमॅटिक सिग्नल बंद पडल्यावर कसं चालायचं ह्याचं पुरेसं प्रशिक्षणच स्टाफला नव्हतं असा ठपका ठेवला गेला.

आमच्या वेळी ही कामं सारखी करावी लागायची कारण सिग्नल सारखे बिघडायचे, म्हणून हात बसलेला होता. आता यंत्रणा चांगली झाली, बिघाड कमी झाले, आणि म्हणूनच बिघाड झाला की काय करायचं ते नव्या पोरांनी फक्त वर्गात ऐकलेलं असतं. यंत्र जितकं चांगलं तितका सराव कमी. ह्याला कुणी जबाबदार नाही असं समजू नका, सराव करून घेणं हे प्रशासनाचं काम आहे.

बायनरी_भाऊ

जुना_मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या क्षेत्रात हेच लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच मांडून ठेवलंय. सोपी कामं यंत्राला दिली की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि रोजचा सराव गेल्यामुळे नेमके तेच त्याला जमत नाहीत. २००९ चा एअर फ्रान्सचा अटलांटिकमधला अपघात ह्याच जातीचा. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट सुटला, विमान तोपर्यंत ठीक होतं, पण अचानक हातात आलेलं विमान वैमानिकांना सावरता आलं नाही आणि २२८ लोक गेले.

आणि माझ्या बाजूचीच एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीने एक सदोष अपडेट पाठवला. ७८ मिनिटांत तो मागे घेतला. एवढ्या वेळात जगभरातले ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले होते, आणि ते दुरुस्त करायला बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये चालू करून, ती फाईल हाताने काढावी लागली. लक्षात घ्या, ते सॉफ्टवेअर संगणकांचं रक्षण करायला बसवलेलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे हे एकूण विंडोज मशीनच्या १ टक्क्याहूनही कमी होते, तरी विमानतळ, बँका, हॉस्पिटलं अडकली, कारण बऱ्याच मोठ्या संस्थांनी एकच रखवालदार ठेवला होता. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, फोटो बघितले असतील. पेनाने पास लिहून विमान सोडता येतं ही माहिती तिथे कुणाच्या तरी डोक्यात शिल्लक होती म्हणून तेवढी तरी विमानं उडाली. त्यामुळे तुमचं म्हणणं मला पटतंय, फक्त सगळं सोडून मागे जाऊ असं कुणी म्हणू नये एवढंच.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे, एक गोष्ट इथली सांगायलाच हवी कारण ती यंत्र बंद पडण्यापेक्षा भयंकर आहे. यंत्र चालू होतं आणि खोटं बोलत होतं.

इथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली आणली, फुजित्सूने बनवलेली. गल्लीबोळातली छोटी पोस्टं चालवणारे जे सबपोस्टमास्तर असतात त्यांच्या हिशोबात अचानक हजारो पौंडांची तूट दिसायला लागली. त्यांनी हेल्पलाईनला फोन केले की आम्ही पैसे घेतले नाहीत, सिस्टीममध्ये गडबड आहे. त्यांना सांगितलं गेलं की असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय. प्रत्येकाला हेच सांगितलं. लोकांनी घरं गहाण टाकून तूट भरली. ९०० हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. त्यातले कितीतरी आपल्या भारतीय उपखंडातले, कारण कोपऱ्यावरचं दुकान आणि त्यातच पोस्ट हा आपल्या लोकांचा इथला जुना धंदा. भारतात जन्मलेल्या सीमा मिश्रा ह्यांना नोव्हेंबर २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवलं, त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. निर्दोष ठरायला २०२१ उजाडलं. चौकशी आयोगाच्या २०२५ च्या अहवालात किमान १३ आत्महत्यांचा ह्या प्रकरणाशी संबंध असू शकतो असं म्हटलंय. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो लोकांच्या शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

आता ह्यातली कायद्याची बाजू बघा. आधी इथे नियम होता की संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागेल. तो नियम १९९९ मध्येच काढून टाकला. त्यानंतर कोर्ट गृहीत धरायचं की संगणक बरोबरच असणार, चुकलाय म्हणायचं असेल तर आरोपीने सिद्ध करावं. एका पोस्टातल्या बाईने, जिच्याकडे त्या सॉफ्टवेअरची आतली माहिती असण्याची शक्यताच नाही, तिने कसं सिद्ध करायचं?

तिफण यांच्या आजी मान खाली घालून उभ्या असतात ना, तिथपासून इथपर्यंतचा रस्ता सरळ आहे. मशीन आणि माणूस ह्यांच्यात वाद झाला तर पहिल्यांदा कुणावर विश्वास ठेवायचा, ह्याचं उत्तर आपण न बोलता मशीनच्या बाजूने देऊन टाकलंय.

चित्राक्षी

बापरे, टेम्सकाठी, हे वाचून सुन्न झाले.

माझं पुण्यात स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, यूपीआयबद्दल लिहिते. मला यूपीआय आवडतं, सुट्ट्याची कटकट गेली, गल्ल्यात रात्री पैसे राहत नाहीत त्यामुळे एकटीला दुकान बंद करून जाताना भीती वाटत नाही. पण १२ एप्रिल २०२५ ला, हनुमान जयंतीचा शनिवार होता, यूपीआय देशभर अडकलं. पोरं उभी, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय, आईबापांच्या खिशात एक नोट नाही. एक नोट म्हणजे खरोखर एक नोट. मी वहीत नावं लिहून सामान दिलं कारण सगळे ओळखीचे, पण रस्त्यावरच्या फळवाल्याने काय करायचं, पेट्रोल भरून झालेल्या माणसाने काय करायचं.

नंतर कारण वाचलं ते विचार करण्यासारखं आहे. व्यवहार अडकायला लागले तशा बँकांच्या सिस्टीम मध्यवर्ती सर्व्हरला परत परत विचारत राहिल्या की त्या व्यवहाराचं काय झालं, त्या व्यवहाराचं काय झालं, आणि त्या चौकशांच्या गर्दीनेच सर्व्हर आणखी दबला. आता महिन्याला होणाऱ्या व्यवहारांची संख्याच २ हजार कोटींच्या घरात आहे. एवढं सगळं एकाच नळातून.

स्वीडन रोख पैसे जवळजवळ विसरलेला देश ना, तिथे जुलै २०२१ मध्ये कोऑप नावाच्या दुकानसाखळीची ८०० च्या आसपास दुकानं बंद ठेवावी लागली, कारण बाहेरच्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची बिलिंगची मशीनं चालेनात. दुकानात माल आहे, गिऱ्हाईक आहे, विकता येत नाही. अगदी तिफण यांच्या रेशन दुकानासारखं. आणि त्याच स्वीडन सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघरी संकटकाळाची पुस्तिका वाटली, त्यात लिहिलंय की आठवडाभर पुरेल एवढी रोकड घरात ठेवा, वेगवेगळ्या नोटांमध्ये. ज्यांनी रोकड आधी सोडली त्यांना ती परत आठवतेय. मी तेव्हापासून दुकानात उधारीची वही आणि सुट्टे पैसे कायम ठेवते, आणि ओळखीच्या सगळ्यांना सांगते की घरात थोडे पैसे ठेवा.

डोंगरयात्री

छोटासाच मुद्दा. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात पुण्याकडून कळसूबाईला निघालेली गाडी रात्री मॅप बघत पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली, चालवणारा माणूस गेला. तिथला पूल धरण भरलं की पाण्याखाली जातो आणि पुढचे काही महिने रस्ता बंदच असतो, आसपासच्या शेंबड्या पोरालाही ते माहिती आहे. मॅपला माहिती नव्हतं. ट्रेकला जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, शेवटच्या गावात टपरीवर चहा घ्या आणि रस्ता विचारा. रात्री तर विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. आणि पाटबंधारे, बांधकाम खात्यांनी अशा रस्त्यांवर आडवा बांबू तरी टाकावा, मॅप नंतर दुरुस्त होईल.

स्टेथो

मी डॉक्टर. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअर हल्ल्यात, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सायबर हल्ल्यात, गेले. पुढे जवळजवळ दोन आठवडे ओपीडी, भरती, लॅबचे रिपोर्ट, सगळं हाताने चाललं. चाललं, हे महत्त्वाचं आहे. हाल झाले, रांगा वाढल्या, पण ओपीडी बंद पडली नाही कारण तिथल्या जुन्या लोकांना कागदावर हॉस्पिटल चालवता येत होतं.

मला भीती पुढच्या पिढीची वाटते. सलाईनचे थेंब मोजून रेट ठरवणं, वजनावरून डोस हाताने काढणं, नाडीवर बोट ठेवून अंदाज घेणं, हे आता मॉनिटर आणि पंप करतात आणि चांगलं करतात. पण मॉनिटरवर आकडा नीट दिसतोय आणि पेशंट तर बरा दिसत नाहीये, अशा वेळी पेशंटकडे बघ, हे मला निवासी डॉक्टरांना सारखं सांगावं लागतं. आमच्या छोट्या हॉस्पिटलात आम्ही अधूनमधून एक सकाळ मुद्दाम कागदावर चालवतो. सुरुवातीला सगळे वैतागले, नंतर लक्षात आलं की छापील केसपेपरच संपलेले होते, औषधांच्या किमतीची यादी कुणाकडेच नव्हती, आणि ब्लड बँकेचा नंबर फक्त सिस्टीममध्ये होता. ठरलेल्या सकाळी कळलं म्हणून बरं. जुना_मास्तर म्हणतात तो सराव हाच.

कलम_कसाई

तिफण यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. रेशनच्या बाबतीत लिहून ठेवलेलं आहे.

२४ ऑक्टोबर २०१७ चं आधार प्राधिकरणाचंच परिपत्रक आहे, झारखंडच्या त्या घटनेनंतर महिन्याभरात काढलेलं. त्यात आहे की ठसा जुळला नाही, वीज नाही, नेटवर्क नाही, मशीन बिघडलं, ह्यातल्या कुठल्याही कारणाने खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवायची, धान्य द्यायचं आणि अपवाद म्हणून रजिस्टरमध्ये नोंद करायची. आपल्याकडे कोरोनात तर दुकानदाराचाच अंगठा ग्राह्य धरून वाटप झालं होतं, म्हणजे करायचं ठरवलं की होतं.

शिवाय २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे दुकानपातळीवर दक्षता समिती असायलाच हवी, आणि जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी. समितीत ग्रामपंचायतीचे लोक आणि कार्डधारक असतात. समिती कागदावर नक्की असेल, शेवटची बैठक कधी झाली ते विचारा.

तिफण

कलम_कसाई, मनापासून आभार. म्हणजे परिपत्रक निघून इतकी वर्षं झाली आणि आमच्या दुकानदाराला, तालुक्याच्या क्लार्कला, मला, कुणालाच त्याचा पत्ता नाही. आज सकाळी दुकानदाराला जाऊन विचारलं, तो म्हणाला असं रजिस्टर मी कधी बघितलेलं नाही, मला कुणी दिलेलं नाही. तो खोटं बोलत नसावा. त्याची पण भीती खरी आहे, मशीनशिवाय धान्य दिलं आणि उद्या स्टॉक जुळला नाही तर परवाना त्याचा जाणार. म्हणजे तोही त्या पोस्टमास्तरांच्याच जागी उभा आहे.

समितीची बैठक लावायला सरपंचांकडे लेखी अर्ज दिलाय. तिथे परिपत्रकाची प्रत ठेवणार आणि तालुक्याने लेखी द्यावं असं मागणार की सर्व्हर अमुक वेळ बंद असेल तर रजिस्टरवर वाटप करायचं आणि तो स्टॉक दुकानदाराच्या नावावर तूट धरायचा नाही. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही. रजिस्टर आम्हीच आखून देतो, रकाने असे ठरवलेत: तारीख, कार्ड नंबर, मशीनने काय कारण दाखवलं, ओळख कशावरून पटवली, धान्य किती दिलं, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, समितीतल्या एकाची सही. काही राहतंय का?

जुना_मास्तर

वेळेचा रकाना घाला. तारखेच्या शेजारी, तास आणि मिनिट. सर्व्हर किती वाजता गेला आणि किती वाजता आला ते दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहायचं, त्याच वेळी, नंतर आठवून नाही. वरून कुणी म्हणालं की आमच्याकडे त्या दिवशी बिघाडाची नोंदच नाही तर हाच रकाना कामाला येईल. पानांना आधीच नंबर घाला, म्हणजे पान फाडलं तर कळतं. आणि मशीन चालू असलेल्या एखाद्या महिन्यात पण दोन चार कार्डांचं वाटप समितीसमोर रजिस्टरवर करून बघा.

निशिगंधा_के

तिफण, रजिस्टरच्या नमुन्याचा फोटो इथे टाका, मी आमच्या गावी पाठवते. आणि परिपत्रकाचं सोप्या मराठीत एक पान कुणी करेल का, दुकानाच्या दारावर चिकटवता येईल असं मोठ्या अक्षरात?

कलम_कसाई

करतो. रविवारपर्यंत टाकतो.